कवटी का फुटली नाही

लग्नकार्यात कुणी "काय करता आपण?" असं विचारलं की माझ्याआधी माझी बायको उत्तर द्यायची, "पॅथॉलॉजीत आहेत." मग समोरचा माणूस खिशातून साखरेचा रिपोर्ट काढून माझ्या हातात देई. मी तो बघून "गोड जरा कमी करा" म्हणत असे आणि जिलबी घेत असे. खरं उत्तर पंगतीत बसून देण्यासारखं नव्हतंच. मेलेल्या माणसांचे मेंदू काढायचे, ते टिकवायचे, आणि कापून डॉक्टरांना तपासायला द्यायचे, हे माझं काम. नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, त्यातली शेवटची बारा ब्रेन बँकेत.

या बँकेची कल्पना साधी आहे. म्हातारपणी काही माणसांना विसरायला होतं, घरचा रस्ता सापडत नाही, पोटच्या पोराला "तू कोण?" म्हणतात. याला सरसकट डिमेन्शिया म्हणतात, पण आत रोग वेगवेगळे असतात. जिवंतपणी डॉक्टर लक्षणांवरून आणि स्कॅनवरून अंदाज बांधतात. नक्की काय होतं ते मेल्यावर मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कळतं. म्हणून माणसानं शुद्धीत असताना अर्ज भरून ठेवायचा आणि तो गेल्यावर घरच्यांनी सही करायची. घरच्यांची सही नसेल तर त्या अर्जाला रद्दीइतकीच किंमत. आमची निम्मी हार त्या सहीपाशीच होत असे.

सही झाली की घाई. मेंदू हा फार नाशवंत जिन्नस. ताजा असतो तेव्हा खरवसासारखा मऊ, बोट लावलं तरी खळगा पडतो. त्याचे दोन भाग करायचे. एक भाग कापून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये, दुसरा फॉर्मलिनच्या बादलीत. बादलीच्या तळाशी कापसाची जाड गादी घालायची, नाहीतर टेकलेल्या बाजूनं चपटा होतो. तीन आठवड्यांत तो पनीरसारखा घट्ट होतो. मग त्याचे तुकडे मेणात बसवायचे आणि मशिनवर कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ काप काढायचे. काप कोमट पाण्यावर तरंगतो, त्याला सुरकुती पडू न देता काचेवर उचलायचा. माझे काप बघून आमच्या मॅडम, म्हणजे मेंदू तपासणाऱ्या डॉक्टर, कधी "छान" म्हणाल्या नाहीत. पण दुसऱ्यानं काढले की "हे साळव्यांचे नाहीत वाटतं" असं म्हणायच्या. मी त्यावर समाधानी होतो.

मेंदू काढतात कसा, हे लोक विचारत नाहीत, पण मनात धरून असतात. एका कानामागून दुसऱ्या कानामागे डोक्यावरून काप घ्यायचा, कातडी पुढे वळवायची, करवतीनं कवटीचं झाकण उघडायचं. काम झालं की आत कापूस भरून झाकण बसवायचं आणि कातडी शिवून टाकायची. चेहऱ्याला काही होत नाही. केस असले तर टाके त्यांत दडतात. टक्कल असलं तर आपल्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना टोपी असतेच. मी तर म्हणेन, गांधीटोपीनं ब्रेन बँकेची जेवढी सेवा केली तेवढी कुणीच केली नसेल.

गिऱ्हाइकं मात्र तऱ्हेतऱ्हेची यायची. राजूरकडच्या एक आजी एकदा भाचीला घेऊन आल्या. सगळं नीट ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "आत्ताच काढून घ्या ना. मला तरी कुठं उपेग होतोय त्याचा?" घोडेगावच्या बाजारातले एक गुरांचे दलाल आले होते. त्यांना मी भीत भीत सांगितलं की आम्हाला निरोगी माणसाचेही मेंदू लागतात. हे सांगितलं की एरवी लोक चिडत, "आमच्या वडलांना काय झालं नव्हतं, त्यांचं डोकं कशाला?" दलाल मात्र लगेच समजले. म्हणाले, "बरोबर हाय. चांगला बैल शेजारी बांधल्याबिगर रोगट कळत न्हाई." आणि स्वतःचाच अर्ज भरून गेले. मॅडम पुढे परगावच्या डॉक्टरांसमोर भाषणात हेच वाक्य वापरत, दलालांचं नाव न घेता.

पण ज्यांच्याबद्दल लिहायला बसलो ते भानुदास गुरुजी. कर्जत तालुक्यातल्या एका लहान गावात त्यांनी उभी हयात प्राथमिक शाळेत शिकवलं. बापाला शिकवलं, पोराला शिकवलं, नातवाला पाटीवर हात धरून गिरवायला लावलं. गावात एखादी गोष्ट खरी की खोटी यावर वाद झाला तर "गुरुजींना विचारा" म्हणत. पुढचं सगळं त्यामुळेच बिघडलं.

ते अर्ज भरायला आले तेव्हा बरोबर त्यांची बायको सुभद्राबाई होती. गुरुजी त्या दिवशी अगदी स्वच्छ होते. सही वळणदार केली, आमच्या छापील अर्जातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक दुरुस्त केली, आणि म्हणाले, "पोरांनी जन्मभर माझं डोकं खाल्लं. उरलंसुरलं तुम्ही घ्या." मग बाईंना बाहेर बसायला सांगितलं आणि आवाज खाली आणला.

"एक अट आहे माझी. मी कधीकधी हिला नको ते बोलतो म्हणे. ही भाकरीत काहीतरी कालवते, असं मला वाटतं. गोठ्यात परकी माणसं दिसतात, ती हिनंच बोलावली असं वाटतं. आत्ता मला कळतंय की ते खोटं आहे. पण उद्या कळेल की नाही, सांगता येत नाही. मला काय झालं होतं ते माझ्या माघारी हिला सांगा. कागदावर लिहून सांगा."

मी अर्जाच्या मागच्या बाजूला तसं लिहून घेतलं. जाताना दारात सुभद्राबाईंनी मला विचारलं, "भाऊ, मानूस मेल्यावर तरी कळतं का वो, ह्ये त्यो बोलतोय का त्याचा आजार बोलतोय?" मी म्हणालो, "कळेल, मावशी." त्या वेळी मला तसं वाटत होतं.

पुढची तीन वर्षं कशी गेली ते मला त्यांच्या मुलाकडून, संपतकडून कळलं. तो शेती करायचा आणि गुरुजींना दर दोन-तीन महिन्यांनी तपासायला आणायचा. गुरुजींचे चांगले दिवस कमी कमी होत गेले. बायकोच्या हातचं ते खाईनात. ती ताटातला पहिला घास त्यांच्यासमोर स्वतः खाऊन दाखवी, तरी ते ताट सरकवत. देवळासमोरच्या पारावर जाऊन बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मला ही विष घालते आहे." तेही शुद्ध भाषेत, वर्गात सांगावं तसं. एखादा दारुडा असं म्हणाला असता तर गाव हसलं असतं. पण गुरुजी खोटं बोलणार नाहीत, ही गावाची तीन पिढ्यांची समजूत होती. बायका सुभद्राबाईंकडून विरजण नेईनाशा झाल्या.

गुरुजी गेले ते सकाळी सहाच्या सुमाराला, झोपेतच. सुभद्राबाईंनी फोन करवला, आमची गाडी गेली, आणि साडेदहाला देह माझ्या टेबलाशी आला. बरोबर संपत होता. मी कागद पुढे केला. त्यानं पेन घेतलं आणि खाली ठेवलं.

"साळवेसाहेब, एक इचारायचंय. सरनावर कवटी फुटंल ना?"

मला प्रश्न नीट कळला नाही. आम्ही ख्रिस्ती. आमच्यात पुरतात. आयुष्यभर कवट्या उघडल्या, पण चितेशेजारी शेवटपर्यंत मी कधी बसलो नव्हतो. हिंदू मित्रांच्या अंत्यविधीला गेलो तरी हार घालून, नमस्कार करून परतायचो. संपतनं सांगितलं की अग्नी दिल्यावर माणसं बसून राहतात. उष्णतेनं कवटी फुटते, तो आवाज झाला की जीव मोकळा झाला म्हणतात, आणि मगच मंडळी उठतात. "तेवढं झालं न्हाई तर गाव काय म्हनंल? मी गावात डोळं दान केलं म्हनून सांगितलंय. मेंदू म्हनलं तर कोनी ऐकून घेतलं नसतं."

आता, झाकण सुटं केलेला डबा फुटत नाही, हे कळायला शिकलेला माणूस लागत नाही. कुकरचं झाकण उघडं ठेवलं तर शिट्टी होत नाही. मला ते त्या क्षणी कळलं. मी घड्याळाकडे बघितलं. गुरुजींना जाऊन साडेचार तास झाले होते. एकेका तासाला मेंदू खराब होत होता, आणि खरं सांगितलं तर हा उठून जाईल, हे त्याच्या हातातल्या पेनाकडे बघूनच दिसत होतं. नातेवाइकांना मी वर्षानुवर्षं एक वाक्य सांगत आलो होतो, "सगळं नेहमीसारखंच दिसेल." ते चेहऱ्याबद्दल असे आणि खरं असे. मी त्यात एक शब्द बदलला.

"सगळं नेहमीसारखंच होईल," मी म्हणालो.

त्यानं सही केली.

काम उत्तम झालं. टाके मी इतके बारीक घातले की नव्या परिचारिकेनं विचारलं, उघडलं होतं ना नक्की? टोपी घातली, कपाळावरचा बुक्का पुसला गेला होता तो पुन्हा लावला. दुपारी एकला गाडी कर्जतकडे निघाली. मी हात धुतले आणि डबा खाल्ला. त्या दिवशी मला काहीही वाटलं नाही, हे लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे.

तेराव्यानंतर संपतचा फोन आला. आवाज खाली होता, बहुधा घराबाहेर येऊन बोलत होता.

"साहेब, कवटी फुटली न्हाई. मानसं लई येळ बसली. शेवटी रंगनाथ आबा म्हनले उठा. आता लोकं म्हनत्यात, गुरुजीचा जीव अडकला. भाकरीतल्या इखाचं कोडं सुटल्याबिगर त्यो जायचा न्हाई म्हनत्यात. आईला कोन हळदीकुंकवाच्या घरातबी घेईना... तसंबी आता ती इधवाच, पर पान्याला गेली तरी बाया गप व्हत्यात."

माझ्यासमोर चहा होता. मी म्हणालो, "लाकूड ओलं असेल."

पहिलं खोटं घाईत बोललो होतो, त्याला निदान शास्त्राचं निमित्त होतं. हे दुसरं मी खुर्चीत बसून, पंख्याखाली, निवांत बोललो. माणूस आपल्या कामात कितीही पटाईत असो, असं एखादं वाक्य तोंडातून गेलं की त्याला स्वतःची किंमत कळते. मला लाज वाटली, पण फोन परत लावावा इतकी नाही.

गुरुजींच्या स्लाइड मीच तयार केल्या. आमच्याकडे नाव नसतं, फक्त नंबर, पण तो नंबर मला पाठ होता. सहा-सात महिन्यांनी मॅडमनी एकदा हाक मारून सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. पेशींच्या आत गोल गोल गुलाबी ठिपके होते, भोवती फिकट कडं. ज्या डॉक्टरनं ते पहिल्यांदा पाहिले त्याच्या नावावरून त्यांना लुई बॉडी म्हणतात. "हा रोग असला की नसलेली माणसं दिसतात," मॅडम म्हणाल्या, "घरच्यांवर संशय येतो, एक दिवस चांगला जातो, एक वाईट. तुमचे मास्तर याच रोगाचे." अहवाल आम्ही पोस्टानं पाठवतो. हा मी स्वतः घेऊन जातो म्हणालो. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि अहवाल माझ्या हातात दिला. मला निवृत्तीला दोन महिने राहिले होते.

कर्जतला एसटी बदलून दुपारी पोचलो. संपत आणि सुभद्राबाई दोघंही ओसरीवर होती. मी कागद काढून मराठीत समजावून सांगितलं. संपतनं मधेच विचारलं, "इखाचं काय निघालं?"

"विष आम्ही तपासत नाही," मी म्हणालो.

सुभद्राबाईंनी मान खाली घातली. मी घाईनं पुढे बोललो, "पण मावशी, कुणीतरी जेवणात काही घालतंय असं वाटणं, गोठ्यात माणसं दिसणं, हे या आजाराचं लक्षण आहे. तोच आजार त्यांच्या मेंदूत निघाला. चांगले असताना त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं की हे खोटं आहे, माझ्या माघारी हिला सांगा. हे बघा, अर्जाच्या मागं लिहिलंय."

त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या ओळींवरून बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे. "हितं त्यांची सही हाय?" मी दाखवली. सही त्यांना ओळखता आली.

एवढ्यावर उठता आलं असतं. चहाही झाला होता. पण मी सांगितलं. कवटी फुटणारच नव्हती, मी ती करवतीनं उघडून परत बसवली होती, संपतनं विचारलं तेव्हा मला हे माहीत होतं आणि तरी मी खोटं बोललो. ओल्या लाकडाचं तर मनानंच रचलं.

संपत उठून उभा राहिला. "तुमच्या भरवशावर सही केली मी! साताठ म्हैनं माझ्या आयशीला गाव..."

"खाली बस," सुभद्राबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, ह्ये मला सांगून काय उपेग? मी कुठं म्हनत हुते कवटी फुटली न्हाई म्हनून? ज्ये म्हनत्यात त्यांना सांगा. चला पारावर."

"आई," संपत म्हणाला, "मी डोळं दिलं म्हनून सांगितलंय सगळ्यांला. माझी काय अब्रू ऱ्हाईल?"

"माझी जेवढी ऱ्हायली तेवढी ऱ्हाईल," त्या म्हणाल्या आणि पदर डोक्यावर घेऊन चालू लागल्या.

माझं सगळं काम बंद दाराआड झालेलं. तिथे समोरचा माणूस प्रश्न विचारत नाही. पारावर सात-आठ जण होते, मधे रंगनाथ आबा, गावातले सगळ्यांत वडीलधारे. सुभद्राबाई पाराच्या खाली उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ह्ये नगरच्या दवाखान्यातलं साळवे भाऊ. ह्यांना काय सांगायचंय ते ऐका." आणि बाजूला झाल्या.

मी सांगितलं. आधी आजाराचं, मग करवतीचं, मग खोट्याचं. अर्ज दाखवला. एकानं तो घेऊन गुरुजींनी सांगितलेला मजकूर मोठ्यानं वाचला, त्यांच्याकडूनच वाचायला शिकलेला असणार. दोघं-तिघं संपतकडे बघत होते. एकजण उठला आणि निघून गेला.

मग रंगनाथ आबांनी विचारलं, "मंग गुरुजी मोकळा झाला का न्हाई?"

"ते मला सांगता येणार नाही, आबा. आमच्या शास्त्रात ते येत नाही. मी फक्त कवटी उघडली होती."

आबांनी तंबाखू चोळायची थांबवली. "आरं, मंग बसलो कशाला आपुन उन्हातान्हात? जीवाला जायाला वाट लागती म्हनून कवटी फुटायची. ह्यांनी तर वाट सकाळीच करून ठिवली हुती." ते सुभद्राबाईंकडे वळले, पण त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, चुकलं गावाचं."

शास्त्राच्या दृष्टीनं आबांचं म्हणणं मला मान्य करता आलं नसतं. मी गप्प राहिलो. हे माझं तिसरं खोटं धरायचं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

परत येताना सुभद्राबाई पुढे होत्या. संपत पारावरच थांबला, त्याला तिथे बरीच उत्तरं द्यायची होती. आम्ही ओसरीशी पोचलो. मी पिशवी उचलली.

"मावशी, फार चुकलं माझं."

"व्हय, चुकलंच," त्या म्हणाल्या. त्यांनी अर्जाचा तो कागद घडी करून कमरेला खोचला आणि घराचं दार उघडलं. "आता तुमी निघा, साडेचारची यष्टी घावंल. मला रडायचं हाय. त्ये गेलं तवा रडले असते, तर सोंग म्हनले असते."